देवरुखला चपलांचं दुकान टाकायचंय, माल किती आणि कुठून भरू?

आंबाघाट_उतरून

नमस्कार मंडळी. ठाण्याला कुरिअरच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली, आता गावी देवरुखला कायमचा येतोय. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर काकांच्या ओळखीतला गाळा मिळतोय. १० बाय १६, वर पोटमाळा. भाडं ७,०००, डिपॉझिट ५०,०००. मालक अकरा महिन्यांच्या कराराला तयार आहे.

माझे साडेतीन लाख आणि बाबा दीड देणार, असे पाच लाख आहेत. फर्निचरवाल्याने १ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलंय, त्यात काचेचे शोकेस आणि फॉल्स सीलिंग आलं. उरलेल्यात माल. चपलांच्या धंद्यातलं घरात कोणालाच काही माहीत नाही. मला एवढंच दिसतंय की आमच्याकडची माणसं चांगली चप्पल घ्यायला अजून रत्नागिरी नाहीतर चिपळूण गाठतात.

किती जोड भरावे? ब्रँडचा माल घ्यावा की होलसेल बाजारातून साधा? मित्र म्हणतो थेट आग्र्याला जा, निम्म्या भावात मिळतं. आणि जीएसटी नंबर पहिल्या दिवसापासून लागतो का? पाडव्याला दुकान उघडायचा विचार आहे. जाणकारांनी जरा सांगा.

काउंटरमागून

चिपळूणला बाजारपेठेत आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमचं गिऱ्हाईक पळवायचं म्हणतोस, तरी सांगतो.

आधी त्या फर्निचरवाल्याला नाही म्हणून टाक. एवढ्याशा गाळ्यात फॉल्स सीलिंग कोण बघणार आहे? गिऱ्हाईक चपलेच्या दुकानात खाली मान घालून बसतं. भोकाच्या लोखंडी अँगलचे रॅक घे. त्यांच्या फळ्या वरखाली करता येतात, कारण बुटाचा खोका आणि हवाई चपलेची पिशवी यांना सारखी उंची लागत नाही. एक लांब बाक, दोन ठेंगणी स्टुलं, आणि जमिनीला टेकवलेला तिरपा आरसा. सगळ्यात खालची फळी लादीपासून हातभर वर ठेव. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हे कोणाला शिकवावं लागत नाही. देवरुखात वाशिष्ठी येणार नाही, पण पावसात लादीला घाम सुटतो आणि खालच्या खोक्यांना बुरशी धरते, ते तुलाही चुकणार नाही. हे सगळं पन्नास-साठ हजारांत बसव.

आता हिशेब. भाडं ७,०००, लाईट दीड हजार, पोरगा ठेवलास तर ८,०००, पिशव्या-चहा-गाडीभाडं अडीच हजार. झाले १९,०००. स्वतःचा पगार १५,००० तरी धरशील ना? ३४,०००. आमच्याकडे मिश्र माल विकून, घासाघीस होऊन, शंभराच्या विक्रीमागे पंचवीसएक रुपये हातात राहतात असं धरून चाल. (३०० ला आणून ४०० ला विकलं की नवीन माणूस म्हणतो ३३ टक्के सुटले. विक्रीवर ते २५च असतात, आणि भाडं विक्रीतूनच भरायचं असतं.) म्हणजे महिन्याला १ लाख ३६ हजारांची विक्री हवी. सरासरी जोड ३५० ला गेला, तर आठवड्याची सुट्टी सोडून रोज पंधरा जोड. पोरगा ठेवला नाहीस तर आकडा अकरा-बारावर येतो, म्हणून पहिलं वर्ष एकट्याने काढ, संध्याकाळी बाबांना गल्ल्यावर बसव.

देवरुखात रोज बारा जोड खपतात का, हे आम्ही इथून सांगू शकत नाही. ते तुला चहाच्या टपरीवर बसून कळेल. जे दुकान सध्या बरं चालतंय त्याच्या समोर बस आणि किती पिशव्या बाहेर पडतात ते मोज. बाजाराचा दिवस, साधा मंगळवार आणि महिनाअखेर, तिन्ही बघ. पिशवी केवढी आहे तेही बघ. हवाईची पिशवी आणि बुटाचा खोका लांबूनही ओळखू येतो.

पुढचं नीट वाच, कारण चपलेच्या धंद्यात माणूस इथेच बुडतो. आपला पैसा मापांत अडकतो. साडी एकाच मापाची, मोबाईल एकाच मापाचा. चपलेचं तसं नाही. जेन्ट्सचा सेट घेतलास तर त्यात साधारण ६ चा एक, ७, ८, ९ चे दोन-दोन आणि १० चा एक, असे आठ जोड येतात. डिझाईन चाललं की पहिल्या आठवड्यातच ८ चे दोन्ही जातात. आता तुझ्याकडे सहा जोड आहेत, रॅक भरलेला दिसतो, आणि येणारा प्रत्येक दुसरा माणूस ८ मागतो. त्याला ९ घालून ‘थोडी सैल राहू दे’ म्हणायची वेळ येते. तो घेत नाही, आणि घेतली तर परत येत नाही. दिवाळीपर्यंत अर्ध्या रॅकवर ६ आणि १० उरतात. याला कटसाईज म्हणतात. कोणत्याही जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर चढून बघ, तिथे कटसाईजच भरलेली असते.

तीन लाखांचा माल भरलास आणि खरेदी सरासरी २६० ची धरली, तर साडेअकराशे जोड येतात. ऐकायला ढीग वाटतो. पण आठचा सेट आणि दोन रंग म्हणजे एका डिझाईनला सोळा जोड. मग डिझाईनं झाली बहात्तर. ती जेन्ट्स चप्पल, सँडल, बूट, लेडीज, पोरांचं, शाळेचं आणि पावसाळी यांत वाट, प्रत्येकाला दहा येतात. त्यात पोरांच्या मापांची शिडी दुहेरी, १३ झाले की पुन्हा १ पासून सुरू. म्हणून डिझाईनं कमी आणि मापं पूर्ण ठेवायची. पहिल्या खेपेला एका डिझाईनचा एकच रंग घे. गावात काळा आणि तपकिरी सोडून मागतं कोण? आणि तीन लाख एकदम घालू नकोस. दोनाचा माल भर, लाख रुपये बँकेत राहू देत. ते तुटलेली मापं भरायला लागतील, आणि पहिल्या पंधरवड्यातच लागतील.

यावरून तुझा आग्र्याचा प्रश्न सुटतो. आग्र्याच्या हिंग की मंडी बाजारात चामड्याचे बूट स्वस्त मिळतात, खोटं नाही. पण तिथून तुला दोन जोड ८ चे कोण पाठवणार? मुंबईत कुर्ला-चेंबूरकडची ठक्कर बाप्पा कॉलनी आहे, तिथे बनवणारेच बसलेत, एकदा बघून ये, डोळे उघडतात. पण तुझं रोजचं दुकान चालायचं ते कोल्हापूर-रत्नागिरीच्या डिस्ट्रिब्युटरवर. साखरप्यावरून घाट चढलास की कोल्हापूर, गाडीवाल्याकडून पार्सलही येतं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: ‘सुटी मापं भरून द्याल का?’ जो हो म्हणेल त्याचा भाव दहा रुपये जास्त असला तरी त्याच्याकडे जा. हवाई, पावसाळी, रोजच्या सँडल ब्रँडच्या घे. त्यात सुटतं कमी, पण गिऱ्हाईक नावाने मागतं आणि भावावरून वाद होत नाही. लेडीज आणि पोरांचं बिनब्रँडचं चालतं.

लॉटपासून, म्हणजे एकगठ्ठा स्वस्तात काढलेल्या पडून मालापासून, लांब राहा. होलसेलवाला मागच्या खोलीत नेऊन ‘हे ९० रुपयांत उचला’ म्हणेल. खोके करकरीत असतील. पण पीयूचा (पॉलियुरेथेन, फोमसारखं प्लॅस्टिक) सोल दोन-तीन वर्षं पडून राहिला की हवेतला दमटपणा खाऊन आतून कुजतो, पायात न घालताही. गिऱ्हाईक घालून घरी पोचेपर्यंत टाचेचा चुरा रस्त्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी ते चारचौघांसमोर तुझ्या काउंटरवर आपटलं जातं. खोक्यावरचा महिना-वर्ष वाच. टाचेजवळ अंगठ्याने दाब. चिकट लागलं किंवा ठसा तसाच राहिला, तर खाली ठेव. सोल दुमडून बघ, भेगा दिसल्या तर विषय संपला. रबराला आणि ईव्हीएला (दुसरा हलका फोम) हे दुखणं नाही. आपल्या कोकणात पीयूचा माल एका पावसाळ्यापेक्षा जास्त ठेवूच नये, दसऱ्याच्या आत सवलत लावून काढून टाकायचा.

पाडव्याचा मुहूर्त बरोबर आहे. लग्नं, मग मेअखेरची पावसाळी खरेदी, मग शाळा, ओळीने तीन हंगाम मिळतात. गमबूट विसरू नकोस, शहरातून आलेला हमखास विसरतो. बागेत गवत काढणारा, ग्रासकटरवाला, कोणीही फुरशाच्या भीतीने त्याच्याशिवाय आत शिरत नाही. जुलै मात्र कोरडा जातो, बाहेर कितीही पडत असला तरी. गणपतीत चाकरमानी नवीन चपला मुंबईहून घालून येतो आणि विसर्जनाच्या चिखलात बंद तुटला की तुझ्याकडे येतो. त्याला घाई असते, भाव करत नाही.

उधारीबद्दल काही लिहीत नाही. गावातलाच आहेस, तुला माहीत आहे कोण देतं आणि कोण नाही.

गल्लीतला_शहाणा

पाच लाख असे घालण्यापेक्षा एफडी करा. आमच्या गावात कॉलेजची सगळी पोरं मोबाईलवरूनच बूट मागवतात. कुरिअरवाल्यालाच हे सांगावं लागतंय म्हणजे कमाल आहे.

काउंटरमागून

पोरं मागवतात, खरं आहे. म्हणूनच दोन हजारांचे स्पोर्ट शूज त्याने ठेवूच नयेत, त्या फोटोंशी आपण लढू शकत नाही. पण शेतात राबलेला पाय रुंद असतो, अंगठ्याकडे फाकलेला, कंपनीच्या साच्यात बसत नाही. त्या माणसाला मोबाईलवर ८ मागवला तर ९ लागतो, परत पाठवायला घरी कोणाला येत नाही, ती चप्पल मग पडवीत पडते. चाळिशीपुढचे आणि दहा वर्षांच्या आतले पाय दुकानातच येतात. पोराचं माप दर सहा महिन्यांनी बदलतं, आई त्याला हाताला धरूनच आणते.

लेडीज_काउंटर

कुडाळला मी आणि जाऊ मिळून फक्त लेडीज आणि लहान मुलांचं ठेवतो. दादांनी वर सगळं सांगितलंय, त्यांनी बायकांचं एका ओळीत उरकलंय तेवढं मी भरते.

भाऊ, तुमच्या दुकानात नवऱ्याची चप्पलसुद्धा बायकोच घेणार आहे. ती माप कशात आणेल? सुतळीच्या तुकड्यात. नाहीतर पेपरवर पाऊल ठेवून पेनाने रेघ मारून. तो कागद हसून बाजूला ठेवू नका, चपलेत घालून दाखवा. रेघ पावलाच्या बाहेरून मारलेली असते, त्यामुळे कागद थोडा मोठाच येतो, एवढं लक्षात ठेवा. तिला सांगा, सोल मातीला लागला नसेल तर चार दिवसांत बदलून देईन. या एका वाक्यावर आमचं निम्मं दुकान चालतं.

लेडीजमध्ये ५, ६, ७ भरून ठेवा, ४ आणि ८ नावाला. फॅन्सी मालावर ३६ ते ४१ असे आकडे असतात, दोन कारखान्यांचा ३८ सारखा निघत नाही. माल आला की स्वतःच्या पायात घालून बघायचा (तुमच्या बाबतीत बहिणीच्या) आणि खोक्यावर पेन्सिलने आपलं माप लिहायचं. चमकीचं, खड्यांचं लग्नापुरतं खपतं. त्यात सुटतं भरपूर म्हणून मोहात पडायला होतं, पण तुळशीच्या लग्नाला आणलेलं मे महिन्यात उरलं, तर पुढच्या वर्षी ती फॅशन गेलेली असते. टीचभर उंचीची, रुंद पट्ट्याची, मागे बंद असलेली साधी सँडल बारा महिने जाते. अंगणवाडीच्या सेविका, आशाताई, शिक्षिका, दिवसभर पायावर असणाऱ्या बायका तीच मागतात.

आणि दुकानाजवळ शिवून देणारा कोण बसतो त्याच्याशी ओळख ठेवा. नवीन चपलेचा अंगठा आठवड्यात सुटला, तर कंपनीकडे पाठवून महिनाभर वाट बघायला लावण्यापेक्षा वीस रुपये देऊन तिथेच टाका मारून दिलेला लोकांना आवडतो.

रंकाळ्यावरून

कोल्हापुरीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घाटाच्या पायथ्याशी आहात, ठेवा जरूर, पण गणपतीनंतर मे महिन्यापर्यंतच. पावसात कोल्हापुरी विकणं म्हणजे गिऱ्हाईक कायमचं घालवणं. हे झाडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं असतंय, पाणी प्यायलं की फुगतंय आणि सोल सुटतोय.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, एवढ्या जिल्ह्यांत बनलेलीच खरी. कोल्हापूरच्या सुभाषनगरात बनवणाऱ्यांकडून थेट घ्या. हातानं केलेला माल आहे, एकाच नंबरचे दोन जोड अर्धा नंबर इकडंतिकडं होतात, तिथंच जोड लावून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कागदात ठेवा, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. रबरी सोलची, रेक्झिनची नक्कल स्वस्तात मिळते, तीही विका, पण ‘कोल्हापुरी’ म्हणून नको. सुरुवातीला कापशीचे (कोल्हापुरीचाच एक प्रकार) दोन सेट पुरे.

वहीखातं

कर सल्लागाराकडे काम करतो, कागदपत्रांचं सांगतो.

मालाचा धंदा करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यावरच जीएसटी नोंदणी सक्तीची आहे. वर काढलेल्या हिशेबाने तुमची १६-१७ लाख होईल, म्हणजे पहिल्या दिवशी गरज नाही. परराज्यातून माल आणला तरी चालतो. परराज्यात विकायचा झाला तर मात्र नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. तुमचा जवळजवळ सगळा माल ५ टक्क्यांत येतो. नोंदणी नसेल तर खरेदीवरचा हा कर तुमच्या खर्चात जातो, तो धरून विक्रीचा भाव काढा. काही डिस्ट्रिब्युटर नंबरशिवाय खातं उघडत नाहीत, तसं झालं तर जीएसटीचीच कंपोझिशन योजना आहे. उलाढालीवर १ टक्का भरायचा, पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही.

एकदोन माणसांचं दुकान असेल तर दुकाने अधिनियमाखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची, बँक तीच मागते. उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची) मोफत आहे, कोणाला पैसे देऊ नका. नगरपंचायतीत परवान्याचं काय ते विचारून घ्या. पाटी देवनागरी मराठीत हवी, दुसरी भाषा घातलीत तर मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नसावीत. पाटीवाल्याला आधीच सांगा.

गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करावीच लागते. माझं ऐकाल तर तीन वर्षांचा करा आणि भाडेवाढ त्यातच लिहून घ्या. दुकान चालायला लागलं की मालकाला आपला भाचा आठवतो.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. माप बदलून देणं तुमच्या मर्जीवर, सदोष माल मात्र नाही. म्हणून बिल द्या आणि मुदत त्यावर छापा.

पैसे कमी पडले तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत किशोर गटात ५० हजारांच्या पुढे ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पण पहिल्या खेपेसाठी घेऊ नका. सहा महिन्यांची विक्री वहीत दिसली की बँकेत जा.

आंबाघाट_उतरून

काका, ताई, सगळ्यांचे आभार. काल टपरीवर बसलो होतो. साधा दिवस होता, संध्याकाळी पाच ते आठमध्ये समोरच्या दुकानातून नऊ पिशव्या निघाल्या, त्यातल्या सहा हवाईच्या. फर्निचरवाल्याला नाही कळवलंय. मालकाशी तीन वर्षांचं बोलणं लावलंय, भाडं ७,५०० मागतोय.

अजून एक. मामा शिक्षक आहेत, ते म्हणतात जिल्हा परिषदेच्या शाळांना बूट पुरव, एकदम दोन-तीनशे जोड जातील. करू का?

काउंटरमागून

नऊतल्या सहा हवाई म्हणजे ३५० ची सरासरी तुझ्याकडे बसणार नाही. अडीचशे धरून हिशेब पुन्हा मांड, नव्या भाड्यासकट. रोजचे जोड सोळा-सतरावर जातील. दुसरा चहा सकाळच्या वेळी घे, दहा ते एक. लांबच्या गावांतली माणसं एसटीने सकाळी येतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात, त्यांची खरेदी तेव्हा होते.

शाळांचं म्हणशील, तर २०२३ मध्ये सरकारने विद्यार्थ्यामागे एक जोड बूट आणि दोन जोड मोजे यांसाठी १७० रुपये ठरवले आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. १७० मध्ये बूट, मोजे आणि तुझी वाहतूक बसवून बघ, हातात काय राहतं ते. शिवाय प्रत्येक पोराचं माप घ्यायला शाळेत जावं लागतं, आणि मापं चुकली तर उरलेले जोड तुझ्याच पोटमाळ्यावर. बिलाचे पैसे कधी मिळतील ते समितीला आधी विचार आणि तेवढे महिने तुझे पैसे अडकले तर चालतील का बघ. पहिल्या वर्षी मी तरी केलं नसतं.

त्यापेक्षा मामांना घेऊन हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेट. बूट काळे की पांढरे, लेसचे की पट्ट्याचे, पीटीला वेगळे लागतात का, हे लिहून घे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तेवढंच डिझाईन सगळ्या मापांत भर. एकही माप कमी नको. मोजे काउंटरवर ठेव, बुटाबरोबर कोणी मोज्याचा भाव करत नाही.

७,५०० ला हो म्हण. फक्त पोटमाळ्याला पावसात गळती आहे का ते मालकाला विचारू नकोस, शेजारच्या गाळेवाल्याला विचार.